कालवं फोडणारा मुलगा

शिपायाने आफूची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "सहाचा दिसतो."

"सात," आफू म्हणाला. "हात काढा, दुखतंय."

चिखलातून कालवं काढणाऱ्या युएचिनच्या पाठीवर झोळीत पाय लोंबकळत धाकटं लेकरू मुसमुसत होतं. ती थोपटत होती, पण नजर आफूवरून हलत नव्हती.

चीनची राजधानी मांचूंच्या हाती पडल्यावर उरल्यासुरल्या सरदारांनी याच किनाऱ्यावर सहा वर्षांच्या पोराला गादीवर बसवलं होतं. दोन महिन्यांत मांचू फौज इथेही पोचली. सम्राट निसटला. आता धक्क्यावर प्रत्येक मुलगा तपासला जात होता. जुन्या राजघराण्याच्या झेंड्याची गलबतं दूर, तोफेच्या पल्ल्याबाहेर उभी होती.

"कपाळ कालच भादरलेलं दिसतंय," शिपायामागे उभा असलेला मांचू अधिकारी म्हणाला.

"कपाळ भादरायचा तुमचा हुकूमच परवा आला, साहेब," युएचिन म्हणाली.

अधिकाऱ्याने युएचिनच्या टोपलीतलं एक कालव आणि सुरी आफूपुढे धरली. "फोड. राजवाड्यातल्या पोरांना कालव बशीतच दिसतं."

हे युएचिननेच शिकवलं होतं त्याला. अंगठा कितीदा कापला होता. आज पातं घसरलं, तर पोर जागेवर संपणार होतं.

आफूने पातं खाचेत घातलं, मनगट फिरवलं आणि उघडलेलं कालव स्वतःच गिळलं. "अजून एक द्या."

शिपाई खो-खो हसले.

"आणि झोळीतली ही का रडते?"

"पाय बांधलेत, साहेब. चारच दिवस झालेत."

"चिखल तुडवणारीच्या पोरीला हे नखरे कशाला?"

"पाऊल इवलंसं राहिलं की पोर चांगल्या घरी पडते. मी तुडवला तेवढा पुरे."

अधिकाऱ्याने पट्टीचं टोक उचललं. आत वळवलेली, सुजलेली बोटं बघून तोंड फिरवलं. "झाक ते. जा कालवं काढायला."

तिघांची होडी चिखलाच्या पट्ट्यापाशी थांबली नाही. ती सरळ गलबतांकडे गेली.

युएचिन वर चढली तेव्हा केस न कापलेली हजार माणसं गुडघ्यांवर होती. "दहा हजार वर्षं!" सम्राटासाठीच्या या आरोळीने शिडं हलली. आफू छाती काढून पुढे उभा राहिला. युएचिन पहिल्यांदाच हसली.

म्हातारा सेनापती रडत पुढे आला. त्याने आफूच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याला हलकेच बाजूला केलं, आणि झोळीतल्या लेकराचा पाय मांडीवर घेऊन पट्टी सोडायला लागला.

"संपलं सोंग, महाराज. आता चालायचं."