धाकटी जाऊ

"त्या नव्या माणसाला माझ्या पोरीच्या हाताला हात लावू द्यायचा नाही," खारूची आई म्हणाली, आणि सुई घेऊन पुढे आलेला टेक्निशियन जागच्या जागी थबकला.

नर्सने त्याला डोळ्यांनीच बाजूला केलं. डायलिसिसच्या त्या खोलीत या बाईशी हुज्जत घालायच्या भानगडीत कुणी पडत नसे. खिडकीजवळची खुर्ची खारूला मिळाली, ती आईने भांडून मिळवलेली. गोळी बदलली की ती कारण विचारायची. डॉक्टर घाईत काहीबाही बोलून निघाले, की दार अडवून उभी राहायची. सगळे तिला मागे वाघीण म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

खारूच्या किडन्या ती बालवाडीत असतानाच दगा द्यायला लागल्या होत्या. आता ती पाचवीत होती आणि मशीनशिवाय तिचं चालत नव्हतं. सुया टोचण्यासाठी तिच्या हातात शीर जोडून केलेली जागा सारखी थरथरायची. सकाळी उठल्या उठल्या आई आधी तिथे बोटं टेकवायची. थरथर लागली की मगच तिच्या जिवात जीव यायचा. पाणी पोरीला जपून जपून मिळायचं. तहान लागली की बर्फाचा एक खडा खारीसारखा गालात धरून ती किती तरी वेळ पुरवायची. त्यावरूनच तिचं नाव खारू पडलं होतं.

यातून सुटायचं तर कुणाची तरी किडनी हवी होती. खारूचे बाबा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. सगळ्यांत आधी ते पुढे झाले, पण त्यांच्या रक्तात साखर निघाली. ती त्यांच्या घराण्यातच होती, त्यामुळे दीरही बाद झाले. मग आईची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई तिच्याशी केबिनमध्ये बोलल्या आणि बाहेर येऊन त्यांनीच बाबांना सांगितलं, "आईची किडनी नाही घेता येणार."

त्या दिवशी ती दवाखान्याच्या बाकावर अशी ढसाढसा रडली, की बाबांना तिला धरून घरी न्यावं लागलं. "तुझ्या हातात असतं तर तू दोन्ही दिल्या असत्यास," ते वाटभर म्हणत राहिले.

उरली धाकटी जाऊ. तिचा रक्तगट चालण्यासारखा होता. विचारायला आईच गेली. जाऊ चहा गाळत होती. तिने हातातलं गाळणं खाली ठेवलं.

"ताई, माझ्याच्याने नाही होणार," ती म्हणाली. "मला भीती वाटते."

बस, एवढंच. सबब नाही, आढेवेढे नाहीत.

आई चहाला हातही न लावता उठली. त्यानंतर जो भेटेल त्याच्यापाशी तिने जाऊचा उद्धार केला. "नाही म्हणाली त्याचं एक वेळ सोडा," ती नणंदेला म्हणाली, "पण अशी तोंडावर? उघड उघड? लाज कशी नाही वाटत एखादीला?" हळूहळू नात्यातल्या बायका जाऊ आली की आवाज बारीक करू लागल्या. जाऊने मात्र कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही.

आणि आज, मशीन नुकतं सुरू झालेलं असताना, तीच जाऊ दारात उभी होती. तिच्यामागे बाबा होते, डोळे पुसत.

"तू कशाला आलीस इथे?" आईने विचारलं.

"ताई, मी गुपचूप तपासण्या करून घेतल्या. जमलं तरच सांगायचं ठरवलं होतं." जाऊने पदराने कपाळ टिपलं. "जमतंय म्हणाले."

आई खारूच्या अंगावरचं पांघरूण सारखं करू लागली.

"मध्यंतरी खारू शाळेतून आमच्याकडे आली होती. बाथरूममध्ये गेली ती बाहेरच येईना. बघते तर नळाला तोंड लावून बसलेली. मला म्हणाली, काकू, आईला सांगू नकोस हं. तेव्हापासून घोटभर पाणी माझ्या घशाखाली धड उतरत नाही."

"म्हणजे भीती गेली वाटतं तुझी?"

"कुठली जातेय! माझी बाळी तर अजून अंगावर पिते, तिला माझ्या आईकडे ठेवून आलेय." जाऊने हात पुढे केला. "बघा ना, कसा गार पडलाय."

आईने तो हात धरला नाही. बाबांनी मात्र जाऊपुढे दोन्ही हात जोडले.

"अहो दादा, असं नका ना करू," जाऊ अवघडून म्हणाली.

खारू खुर्चीत सरसावून बसली. "काकू, मग मला ग्लासभर पाणी एकदम पिता येईल?"

"पी की. माझ्या वाटचंही तूच पी."

खोलीतली नर्ससुद्धा हसली. तेवढ्यात निरोप आला. डॉक्टरीणबाई बोलवत होत्या, एकट्या आईला.

आई केबिनमध्ये शिरली तशी त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"तुमच्या जाऊबाई तयार आहेत. त्यांची किडनी चालेल," त्या म्हणाल्या. "पण त्यांचं बाळ तान्हं आहे. त्यातून जुळणीही जेमतेमच आहे. म्हणून ऑपरेशनची तारीख देण्याआधी तुम्हाला पुन्हा एकदा विचारते."

आईने मागे वळून दार नीट लागलंय ना ते पाहिलं.

"तुमच्या तपासणीत कसलाच दोष नव्हता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला द्यायची नव्हती आणि ते घरी कळू द्यायचं नव्हतं, म्हणून मी तुमच्या मिस्टरांना तसं सांगितलं. आजही तुमचं नाहीच का?"

"तारीख जवळची द्या," आई म्हणाली. "जाऊचं मन बदलायच्या आत."