भरल्या बसचं दार

तू आधी ऐक रे, मध्ये बोलू नको. दसऱ्याची सकाळ. नाहूरला विद्याधरशेठची स्कूलबस उभी. पुढे झेंडूच्या माळा, काचेवर हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. नारळ फुटला, पेढे वाटून झाले. आता दरवर्षीसारखं शेठचं घरदार नि शेजारीपाजारी बसमध्ये चढणार आणि देवळापर्यंत फेरी मारणार. उद्या सकाळी परत त्याच बसमध्ये शाळेची बेचाळीस पोरं.

त्या पोरांना सांभाळायला बसवर असते ती मालन. तिच्या पिशवीत एक पत्र होतं. ज्या कारखान्यानं बसची बॉडी बांधली ना, अंधेरीचा, त्यांचं. मागच्या इमर्जन्सीच्या दाराचा खटका चुकीचा बसलाय, आतून वजन पडलं की अडकतो, गाडी घेऊन या, फुकट बदलून देतो. पत्रावर तारीख ऑगस्ट शहाऐंशीची. शेठनं रद्दीत टाकलं होतं, हिनं उचलून ठेवलं. दर आठवड्याला ती ते शेठसमोर धरायची, आणि शेठ दर वेळी मागे जाऊन एका बोटानं मूठ फिरवायचा. दार खटकन उघडायचं.

"बघ. लोण्यासारखं चालतंय. एक अख्खा दिवस गाडी बंद ठेवून अंधेरीला कोण जाणार?"

उघडणारच ना यार. बस रिकामी असायची.

तर त्या दिवशी फेरीला पस्तीस माणसं चढली. उभी, बसलेली, मांडीवर पोरं. शेठची आई मागच्या सीटवर, बरोब्बर त्या दाराला लागून. तिथे रोज मालन बसते. बस देवळाशी थांबली. मालननं पुढच्या दाराची कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

"पुढचं दार आज बंद. सगळ्यांनी मागनं उतरा."

स्टिअरिंगवर सहदेव. मालवणचा, आधीच घाबरट. तो हळूच म्हणाला, "नोकरी जातली गो बाये. तुझी नि माझी पण."

"तू गाडी बंद कर नि गप बस."

लोकांना वाटलं, गंमत आहे. हसत हसत सगळे उठले नि मागे सरकले. शेठ सगळ्यांच्या आधी मागच्या दाराशी पोचला, त्यानं ऐटीत बोट लावलं. मूठ हलेना. मग पंजा लावला. मग दोन्ही हात. मागून रेटा वाढत चाललेला, कुणाला काही दिसत नाही, जो तो विचारतोय काय झालं नि विचारता विचारता पुढच्याला ढकलतोय. शेठ दारावर चेपला गेला. हसणं थांबलं. कुणाचं तरी पोर रडायला लागलं.

"विद्या," शेठची आई म्हणाली, "दार उघड रे. जीव गुदमरतोय."

"मागे सरा," शेठ ओरडला, "अरे, सगळे मागे सरा."

मालन पुढच्या दारापासून हलली नाही. तिथूनच म्हणाली, "बसमध्ये धूर झाला तर बेचाळीस पोरं मागे सरतील का, शेठ?"

आणि तिनं कडी काढली.

माणसं भराभरा खाली उतरली. तिच्याकडे कुणी बघेना. ती पिशवी काखेत मारून उभी. संपलं, हिशोब घ्यायचा नि घरी जायचं, असंच तिला वाटत होतं. शेठ सगळ्यात शेवटी आला. नवा कोरा झब्बा घामानं पाठीला चिकटलेला.

"पत्र दे," तो म्हणाला. मग सहदेवला म्हणाला, "गाडी अंधेरीला घे."

आई खाली उतरलीच नाही. म्हणाली, मीपण येते. मालनही परत चढली.

पवईवरून माळा उडवत बस कारखान्यात पोचली, तर तिथेही दसरा. सगळे पाने, हातोडे पाटावर मांडलेले, वर कुंकू, फुलं. मुख्य मिस्त्री भाऊ पेढ्याचा बॉक्स घेऊन पुढे आला.

"नवा खटका आहे शेठ, पण आज हत्याराला हात नाही लावत. पूजेत बसलीत. उद्या या."

"उद्या पोरं आहेत," शेठ म्हणाला.

ऐकलंस? शेठ म्हणाला. मालननं तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

भाऊनं शेठकडे बघितलं, पत्राकडे बघितलं. मग पाटासमोर हात जोडले, पान्यावरचं फूल उचलून खिशात टाकलं आणि पाना घेतला.

तासाभरात नवा खटका बसला. शेठ म्हणाला, चढा सगळे. कारखान्यातली पूजेला जमलेली झाडून सगळी माणसं चढली. शेठ स्वतः दाराला खांदा लावून उभा, मागून सगळ्यांचा रेटा. आई तिच्या त्याच सीटवर. तिनं बसल्या बसल्या हात लांब केला नि मूठ फिरवली.

धाडकन दार उघडलं आणि शेठ सरळ खाली झेंडूच्या पाकळ्यांत, त्याच्यावर दोन मिस्त्री. झब्ब्याला ग्रीस लागलं होतं नि शेठ पडल्या पडल्या हसत होता.

मालन सगळ्यांच्या शेवटी त्या दारात आली. शेठनं उठून तिला उतरायला हात दिला.

"पोरांना कोण हात देणार आहे तिथे?" ती म्हणाली. साडी खोचली आणि उडी मारली.

आता खरं सांग. त्या पुढच्या दाराला पाठ लावून तू उभा राहिला असतास, की पेढा खाऊन घरी गेला असतास?