हिरवी पट्टी

मनगटावरची दुखणं मोजणारी पट्टी लाल असेपर्यंत लतिकाच्या खोलीचं भाडं सरकार भरायचं. सांधे असे धरले होते की तिला जिनाही उतरवत नव्हता.

त्या दुपारी बहीण शालन लेकीला घेऊन आली. पोरीने घरमालकाची पान चघळत बोलायची हुबेहूब नक्कल केली आणि कितीतरी महिन्यांनी लतिका खळखळून हसली.

पट्टी हिरवी झाली. "अभिनंदन! तुम्ही बऱ्या झालात," पट्टीतून आवाज आला. "संध्याकाळपर्यंत असंच राहिलं, तर आजारभत्ता आणि भाडं बंद होईल."

लतिकाने दात आवळून सुजलेला गुडघा फरशीवर आपटला. परत आपटला. पट्टी लाल झाली.

"मावशी, अजून एक नक्कल करू?"

"शालन," लतिका भिंतीकडे बघत म्हणाली, "पुढच्या वेळी हिला आणू नकोस गं."