फोटोखालची ओळ

“म्हणजे डोळेच झाकणार?” शिलाई मशीनचं चाक हातानं थांबवत बाईंनी विचारलं.

“काळी पट्टी मारावी लागते, मावशी. रुग्णाची ओळख उघड होऊ नये म्हणून,” संशोधक मुलगी म्हणाली. “त्या व्यक्तीनं स्वतः सही दिली, तरच चेहरा तसाच ठेवता येतो.”

“आणि ती गेली असेल तर?”

“तर पट्टीच. घरच्यांची सही चालत नाही.”

बाईंनी फोटो पुन्हा जवळ धरला. क्षयाच्या जुन्या रुग्णालयाचा व्हरांडा, उन्हात ओढलेली लोखंडी खाट आणि खाटेवर दहाएक वर्षांची मुलगी. अंगानं नुसती काडी. पण डोळे असे, की बघणाऱ्यालाही हसू यावं. कोणीतरी नुकतंच काहीतरी सांगून तिला हसवलं असावं.

संशोधक मुलीच्या प्रबंधात असे बरेच फोटो होते. बाकीच्यांना पट्ट्या मारून झाल्या होत्या. दर वेळी आपण एकेक माणूस पुसतोय असं तिला वाटायचं, पण नियम तो नियम. या मुलीवर मात्र पट्टी ओढायला हात धजेना. फोटोत खाटेच्या पाटीवर वडिलांचं नाव तेवढं वाचता येत होतं. त्यावरून विचारत विचारत ती या शिंप्याच्या दुकानात पोचली होती. बाहेरच्या फलकावर अजून तेच नाव होतं. आत मशीनवर त्यांची मुलगी बसली होती. केस पिकलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

“तुमच्या घरातलीच ना ही?” तिनं हळूच विचारलं.

बाईंनी मांडीवरचं कापड घडी करून बाजूला ठेवलं.

“मीच ती,” त्या म्हणाल्या.

मुलीचा जीव भांड्यात पडला. “अगं बाई! मग मघापासून बोलला का नाहीत?”

“तो रोगच तसा होता, पोरी. घरात आलाय एवढं नुसतं कळलं, तरी गिऱ्हाईक पायरी चढायचं नाही. मग तोंड मिटून राहायची सवय लागते. कुठे करू सही?”

मुलीनं कागद पुढे केला. सही करताना बाईंचं पेन पहिल्याच अक्षराशी अडलं. “बघ,” त्या ओशाळून म्हणाल्या, “सुईत दोरा एका फटक्यात ओवते आणि नाव लिहायला ही तऱ्हा!”

“असू दे हो. फोटो कोणी काढला होता?”

“तिथले एक डॉक्टर काढायचे म्हणे. फोटोखाली काय लिहिणार तू?”

“कोणी काढला, मूळ प्रत कुठे आहे, कोणाच्या परवानगीनं छापला. आमचे सर फार काटेकोर. आरशात बघितलं तरी खाली ‘स्रोत: आरसा’ असं लिहितील.”

बाईंना हसू आलं. “आणि नाव?”

“तुमची हरकत नसेल तर घालते.”

“घाल. घरी बेबी म्हणायचे. तेवढंच घाल.”

मुलीनं लॅपटॉपवर तोच फोटो उघडला, खाली ओळ टाइप केली आणि वाचून दाखवली. “‘बेबी, वय अंदाजे दहा. छायाचित्र: रुग्णालयातील डॉक्टर. मूळ प्रत: रुग्णालयाचा संग्रह. बेबी यांच्या स्वतःच्या परवानगीने.’ बरोबर?”

बाईंनी चष्मा वर सारला आणि ती ओळ स्वतः वाचली. मग पुन्हा वाचली.

“हे किती दिवस राहील गं?”

“ग्रंथालयात? आपण सगळे गेल्यावरसुद्धा.”

“मग झालं,” बाई म्हणाल्या. त्यांनी पदरानं डोळे टिपले.

मुलीलाही भरून आलं. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, “देवाची कृपा म्हणायची, मावशी. त्या व्हरांड्यातली किती मुलं घरी परतलीच नाहीत. तुम्हाला न्यायला कोण आलं होतं?”

“आई गेली होती आणायला.” बाईंचं बोट पडद्यावरच्या मुलीच्या कपाळावरून हलकेच फिरत होतं. “संध्याकाळी एकटीच परत आली. मी दारात उभी होते, ताईसाठी शिवलेला नवा फ्रॉक हातात घेऊन.”