निळ्या टोपणाची बाटली

बाबांनी गाडीच्या काळ्या बोनेटच्या मधोमध चिकटपट्टी ओढली आणि नखाने दाबून बसवली.

"डावी बाजू थोरलीची, उजवी धाकटीची. घासायचं कंपाउंड जिचं तिने निवडायचं. जिच्या बाजूत मला भिंतीवरचं घड्याळ स्वच्छ वाचता येईल, तिच्या हातात उद्यापासून माझं पॉलिशचं मशीन."

"आणि दुसरीच्या?" धाकटीने विचारलं.

"पाण्याचा पाइप. गाड्या धुवायला कुणीतरी लागतंच की!"

थोरली वरवर हसली. बाबांचा खांदा कामातून गेला होता. आता वर्कशॉपला एकच मुख्य हात हवा होता आणि तो आपलाच, हे ती शाळा सुटल्यापासून धरून चालली होती. मग धाकटीही कामाला आली. आली ती थेट बाबांच्या गळ्यातला ताईतच झाली! तिने साधा आरसा पुसला तरी बाबा शेजारच्या टायरवाल्याला हाक मारून दाखवणार. थोरलीने अख्खी गाडी लखलखवली तरी नुसतं "हं."

कालचंच घ्या. याच गाडीचं दार तिने बारीक कंपाउंडने असं उजळलं होतं की भिंतीवरचं घड्याळ त्यात काट्यांसकट उलटं दिसत होतं. बाबा दारासमोर उभे राहिले. त्यांनी वेळ वाचली आणि म्हणाले, "अरेच्चा, चहाची वेळ झाली की!"

बस्स. एवढंच.

दोघींपुढे एकेक ट्रे होता. प्रत्येकात दोन सारख्याच पांढऱ्या बाटल्या, फरक फक्त टोपणांचा. लाल टोपणात जाड कंपाउंड, खोल ओरखडे भराभर कापणारं. निळ्यात बारीक, हळुवार. मऊ रंगावर जाड कंपाउंड फिरलं की मोतीबिंदू झाल्यासारखी पांढुरकी झाक येते, म्हणून बाबांचा नियम होता: आधी कोपऱ्यात वीतभर जागेवर बारीक लावून बघा, मग ठरवा.

धाकटीने कोपऱ्यात लावून बघितलं. पुसलं, वाकून बघितलं, परत पुसलं.

थोरलीने काहीच बघितलं नाही. दार बारीकने लोण्यासारखं निघालं होतं, बोनेट काय वेगळं असणार? शिवाय तिचे डोळे सगळा वेळ पट्टीच्या पलीकडेच होते.

"ताई, मला काही सुचेना गं. बारीक घेऊ की जाड?"

"मला काय विचारतेस? तुझे लाड करायला बाबा बसलेत की."

"तुझं आपलं काहीतरीच!" धाकटीने ओठ चावला. "बारीकच घेते. जाडने रंग बिघडला तर बाबा मला कच्चं खातील."

तिने निळ्या टोपणाची बाटली पुढे काढून ठेवली आणि मागच्या नळावर हात धुवायला गेली. बाबा बाहेर टायरवाल्याशी गप्पा हाणत होते.

धाकटीचा ट्रे गाडीच्या दाराशीच होता. थोरली नळाकडे पाठ करून त्याच्यासमोर उकिडवी बसली. दोन टोपणं फिरवली, काढली, अदलाबदल केली, घट्ट लावली. चिमणीने दाणा उचलावा तेवढाच वेळ लागला. नळ अजून वाहतच होता.

मग दोन्ही मशीनं घरघरू लागली. धाकटीने निळ्या टोपणाची बाटली पॅडवर पिळली आणि एकदाही मान वर न करता काम करत राहिली. थोरली मात्र दर फेरीला तिकडे डोकावत होती. आता झाक येईल. आत्ता येईल!

बाबांनी दोन्ही बाजू पुसल्या, पट्टी सोलून काढली आणि दिवा वाकवला.

उजव्या बाजूत घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा पळताना दिसत होता. डाव्या बाजूत कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे जसेच्या तसे होते.

"बारीक वापरलंस?" बाबांनी थोरलीला विचारलं. "अगं, दार मूळ रंगाचं आहे, मऊ. बोनेट ठोकर बसल्यावर नव्याने रंगवलंय, वरचा थर दगडासारखा. कोपऱ्यात बघितलं असतंस तर कळलं असतं."

बाबांनी आपलं मशीन उचललं आणि धाकटीपुढे धरलं.

धाकटीने हात मागे घेतले. "ते ताईचं आहे, बाबा."

"म्हणजे?"

"मी बारीकच घेतलं होतं. कोपऱ्यात ओरखडे जात नव्हते, तरी भ्याले. ताईने गुपचूप टोपणं बदलून मला जाड दिलं. स्वतः मात्र बारीकच ठेवलं. मी जिंकावी म्हणून."

बाबा थोरलीकडे बघतच राहिले. असं त्यांनी तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"रंग ओळखायला कुणीही शिकेल," ते हळूच म्हणाले. त्यांनी मशीन थोरलीच्या हातात दिलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वर्कशॉपबाहेर जाऊन मोठ्याने ओरडले, "ओ टायरवाले! इकडे या, माझी थोरली बघा!"

थोरलीने मशीन बोनेटवर टेकवलं.

"तू... बघितलंस?" तिने कसंबसं विचारलं. "मी तर तुझ्याकडे पाठ करून बसले होते."

धाकटीने पाण्याचा पाइप खांद्यावर टाकला.

"दार काय झकास उजळलंयस, ताई," ती म्हणाली. "त्यात नुसती टोपणंच नाही, तुझा चेहराही दिसत होता."