फोटोमागचे शब्द

ती एक वेबसाइट सांभाळायची. लोक तिथे जी पानं टाकतात, त्यांतून घातक कोड शिरू नये म्हणून तिने कडक चाळणी लावली. फोटो जिथून उघडतो तो पत्ता तेवढा ठेवला, फोटोला कोडमध्ये जोडलेल्या बाकी सगळ्या नोंदी, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट, काढून टाकले.

तिसऱ्या दिवशी एका आजींचा फोन आला. "मला दिसत नाही गं. आमच्या ह्यांनी प्रत्येक फोटोला वर्णन जोडलं होतं. कॉम्प्युटर ते मला वाचून दाखवायचा. आता नुसतंच 'फोटो, फोटो' म्हणतो."

"आजोबांना पुन्हा लिहायला सांगता का?"

"ते गेले मागच्या वर्षी."

वर्णनाचा अ‍ॅट्रिब्यूट तिने चाळणीच्या परवानगीच्या यादीत घातला, बॅकअपमधून जुनी पानं परत आणली आणि आजींना फोन लावला.

"थांब हं, लावून बघते," आजी म्हणाल्या.

कॉम्प्युटरचा कोरडा आवाज फोनमधून ऐकू आला. "तू बाकावर बसली आहेस. वाऱ्याने केस पार विस्कटलेत. शेजारची जागा रिकामी आहे. फोटो काढून झाला की येतोच मी."