यंदाची विशिनाता

ईस्टरची लाल अंडी फोडून झाली. नेलूने घरच्या चेरीच्या दारूचा, विशिनाताचा, आणखी एक पेला रिचवला आणि कोकराचं सूप खारट झालं म्हणून बायकोचं, साफ्ताचं, डोकं टेबलावर आपटलं. ती सावरायच्या आत त्याने कमरेचा पट्टा काढला. पट्टा तुटला तेव्हा लाथा घातल्या. मग झोकांड्या खात पलंगावर जाऊन पडला आणि घोरायला लागला.

नेहमीसारखी सासू कोबीची गार पानं घेऊन आली. सुनेच्या सुजलेल्या गालावर पान दाबत म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. माझा नेलू वाईट नाही गं. हात त्याचा असतो, पण मारते ती मेली दारू. याचा बापही अस्साच. उतरली की लेकरासारखा रडायचा."

"आई, त्याच्या पेल्यात तळाशी उरलंय ते चाखा."

सासूने बोट बुडवून जिभेला लावलं. पुन्हा एकदा लावलं.

"अगं, यात दारू कुठाय?"

"यंदा घातलीच नाही. चेऱ्या नुसत्या साखरेत उकळल्या, घसा जळावा म्हणून मिरी टाकली. मलाही बघायचं होतं, मारतं कोण ते."

सासूने उठून भिंतीवरचा, नक्षीचा रुमाल पांघरलेला, मेलेल्या नवऱ्याचा फोटो खाली काढला. रुमाल नीट घडी करून ठेवला आणि फोटो चुलीत घातला.